शिल्लक रजेतला एक दिवस

आधी एक छोटासा होमवर्क. ऑफिसच्या एचआर पोर्टलवर लॉगिन करा आणि 'लीव्ह बॅलन्स' नावाच्या चौकटीत काय लिहिलंय ते बघा. किती दिवस दिसतायत? बारा? एकवीस? पस्तीस? ज्यांचा आकडा मोठा, त्यांनी लगेच कॉलर ताठ करू नका. वर्ष संपलं की यातले काही दिवस लॅप्स होणार, काहींचे पैसे मिळणार आणि अप्रेझलमध्ये बॉस 'डेडिकेटेड' वगैरे म्हणणार. आपण खूश!

मी फ्रीलान्सर. मला लीव्ह बॅलन्स नसतो, कारण मुळात लीव्हच नसते. पण आमच्या घरात या विषयातला एक चॅम्पियन आहे. माझे बाबा. सदतीस वर्षं बँकेत काढून २०२३ मध्ये ते रिटायर झाले, तेव्हा त्यांच्या नावावर २४० दिवसांची रजा शिल्लक होती. बँकेत तेव्हा रिटायर होताना जास्तीत जास्त तेवढ्याच दिवसांचे पैसे मिळायचे. २४० दिवस म्हणजे आठ महिने, बॉस! माझ्या शाळेची स्नेहसंमेलनं, आत्याच्या मुलीचं लग्न, आईनं दर मे महिन्यात काढलेला केरळचा विषय... सगळं त्या आठ महिन्यांत सहज बसलं असतं. पण 'इयर एंडिंग आहे गं' या एका वाक्यानं तो विषय दरवर्षी मिटायचा. बँकेनं त्या दिवसांचे पैसे चोख दिले. त्यातून हॉलचं फर्निचर झालं. सोफा छान आहे.

तर या चॅम्पियननं आणि त्यांच्या गँगनं गेल्या डिसेंबरमध्ये रोड ट्रिप काढली. पुणे, सोलापूर, विजयपूर (म्हणजे २०१४ पर्यंतचं विजापूर), बदामी, हंपी, चित्रदुर्ग, म्हैसूर आणि येताना गोकर्ण, गोवा करत किनाऱ्याकिनाऱ्यानं घरी. अठरा दिवस, दोन गाड्या, पाच रिटायर्ड माणसं आणि मागच्या सीटवर लॅपटॉप घेऊन मी. माझं ऑफिशियल डेसिग्नेशन रिझर्व्ह ड्रायव्हर. प्रत्यक्षात फोटोग्राफर, नेट बँकिंग आणि औषधांच्या डब्याची इन-चार्ज.

गँग अशी. बाबा. आई, जी तीस वर्षं शाळेत उभं राहून शिकवत होती आणि त्याची सव्याज वसुली आता तिचे गुडघे करतायत. बाबांचे शाळेपासूनचे मित्र 'वीजवाले काका', सबस्टेशनवर नोकरी झालेली. त्यांची बायको, म्हणजे काकू. 'पाच रिटायर्ड' म्हटलं की काकू लगेच हरकत घेतात, "मी कुठं रिटायर झालेय? स्वयंपाकघराला वयाची अट नसते!" आणि पाचवी मावशी. नात्यानं कुणीच नाही, पण आईची मैत्रीण म्हणून मावशी. कॉलेजच्या लायब्ररीत होती. तिचे मिस्टर आणि बाबा एकाच बँकेत, एकाच बॅचचे.

ही ट्रिप मुळात मावशीच्या मिस्टरांची आयडिया. पिवळ्या पडलेल्या रोड अ‍ॅटलासवर त्यांनी पेन्सिलनं रूट आखून ठेवला होता, वर लिहिलं होतं : 'सेवानिवृत्तीनंतर'. २०२२ मध्ये, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना, ते हार्ट अटॅकनं गेले. त्यांच्याही नावावर २४० दिवस शिल्लक होते. त्या रजेचे पैसे मावशीच्या खात्यात जमा झाले. तिनं ते वेगळ्या खात्यात ठेवले आणि दोन वर्षं त्यांना हात लावला नाही. मग एक दिवस त्यातून ड्रायव्हिंगच्या क्लासची फी भरली. लर्निंग लायसन्स, तीस दिवसांचं थांबणं, आरटीओची टेस्ट, सगळं रीतसर करून एकोणसाठाव्या वर्षी तिला लायसन्स मिळालं. गाडी मिस्टरांचीच. चार दिवस आधी आईला फोन करून म्हणाली, "मी येतेय. गाडी माझी घेऊ या."

तिसऱ्या दिवशी शटडाऊन

आता या ट्रिपचा सगळ्यात भारी फंडा. दोन दिवस प्रवास झाला की तिसऱ्या दिवशी गाडी काढायची नाही! एकाच गावात राहायचं, जवळपास जायचं तर पायी किंवा रिक्षानं. गजर लावायचा नाही. वीजवाले काका याला 'मेंटेनन्स शटडाऊन' म्हणतात. "लाइन चालू ठेवून मेंटेनन्स करायला गेलं की शॉक बसतो," असं त्यांचं म्हणणं. दुसरा नियम आईच्या गुडघ्यांनी घालून दिलेला. सगळ्यात हळू चालणाऱ्याचा जो वेग, तोच सगळ्यांचा वेग.

पहिल्या दिवशी आम्ही सोलापूर गाठलं, दुसऱ्या दिवशी विजयपूरला गोल घुमट बघून संध्याकाळी बदामी. त्यामुळे पहिलं शटडाऊन आलं ते बदामीत.

बदामी म्हणजे जुनी वातापी, चालुक्यांची राजधानी. इ. स. ५४३ मध्ये पहिल्या पुलकेशीनं इथल्या डोंगरावर किल्ला बांधला, त्याचा शिलालेख तिथंच खडकावर आहे. दोन बाजूंना लाल वालुकाश्माचे कडे, मधे अगस्त्यतीर्थ नावाचा तलाव, पश्चिमेला गाव. वीकेंडच्या पॅकेजवाले बदामी, ऐहोळे आणि पट्टदकल एका दिवसात उरकतात. आपणही तेच करतो ना? फोटोंवरची वेळ बघितली तर प्रत्येक देवळाला वीस मिनिटं! आमच्या गँगनं अख्खा दिवस एकट्या बदामीला दिला.

सकाळी चहा, मग इडली आणि उप्पीट, मग परत चहा. पावणेनऊला काका म्हणाले, "चला, निघायचं का?" सव्वानऊला सगळे उठले. कुणी कुणावर ओरडलं नाही. ज्या आईनं मला सातच्या शाळेसाठी दहा वर्षं धारेवर धरलं, ती शांतपणे बशीतला चहा फुंकत होती. सही!

अठरा हात आणि एक खातं

बदामीत डोंगर कोरून काढलेल्या चार गुंफा आहेत, एकावर एक अशा चढत जाणाऱ्या. पहिली शंकराची, दुसरी आणि तिसरी विष्णूची, चौथी जैन. तिकीट काढून आत शिरताच माकडांनी काकांच्या टोपीची चौकशी केली. टोपी थोडक्यात वाचली.

पहिल्या गुंफेपाशी आईनं जाहीर केलं, "मी इथंच." बाहेरच्या बाजूलाच नाचणारा शिव आहे, अठरा हातांचा. आई त्याच्यासमोर कट्ट्यावर बसली. मला वाटलं, बिचारीचं बघायचं राहिलं. पण तासाभरानं आम्ही खाली आलो तेव्हा तिनं सगळ्यांना उभं करून शिकवायलाच घेतलं. कुठल्या हातात काय आहे, कुठला हात रिकामा, कुठल्या दोन हातांची जोडी जुळते, शेजारचा गणपती कसा ताल धरून उभा आहे. वर जाऊन आलेल्या आम्हा पाच जणांपैकी एकालाही यातलं काही दिसलं नव्हतं.

वर तिसऱ्या गुंफेत मात्र वेगळीच गंमत झाली. ही सगळ्यात मोठी. आत शेषावर बसलेला विष्णू, वराह, नरसिंह, आणि छताशी नीट बघितलं तर जुन्या रंगचित्रांचे पुसट अवशेष. गाइड होता ओळखपत्रवाला, हिंदी, कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात बोलणारा. त्यानं एक शिलालेख दाखवला. शके ५००, म्हणजे इ. स. ५७८, दिवस कार्तिकी पौर्णिमेचा. देशातल्या किती लेण्यांवर अशी चोख तारीख सापडते! त्यात म्हटलंय की चालुक्यांच्या मंगलेशानं ही गुंफा करवली आणि तिथल्या पूजेच्या, अन्नदानाच्या खर्चासाठी एक गाव लावून दिलं.

बाबांमधला बँकर जागा झाला. "म्हणजे मेंटेनन्सची प्रोव्हिजन पहिल्या दिवशीच केली! याला म्हणतात प्रोजेक्ट!"

गाइड पुढे म्हणाला, "आणि साहेब, काम यानं केलं, पण पुण्य स्वतःच्या नावावर नाही लावलं. थोरला भाऊ कीर्तिवर्मा, त्याच्या नावावर लावलं. स्वतःकडे फक्त भावाची सेवा केल्याचं फळ ठेवलं."

"बघा, खातं भावाचं," बाबा बोलून गेले. मग गप्प झाले. मावशी त्या लेखाकडे बघत उभी होती. मला ती लिपी वाचता येत नाही, तिलाही नाही. पण ती बराच वेळ उभी होती, आणि दुसऱ्या नियमाप्रमाणे आम्ही सगळेच थांबलो.

(पुढची स्टोरीही ऐकून ठेवा. भावाला पुण्य देणाऱ्या याच मंगलेशाचं नंतर गादीवरून भावाच्या मुलाशी वाजलं, आणि पुतण्या जिंकला. तो पुतण्या म्हणजे दुसरा पुलकेशी, नर्मदेवर हर्षवर्धनाला अडवणारा. घराघरांतले इस्टेटीचे वाद किती जुने आहेत बघा!)

खणाची ओटी

गुंफांवरून उतरून आम्ही बाजारात गेलो. तुमच्या वॉर्डरोबमध्ये खणाचा ब्लाऊज, खणाची साडी किंवा निदान खणाचं पाऊच असेलच. तो खण ज्या गुळेदगुड्ड गावात विणतात, ते बदामीपासून फार लांब नाही. आजीचं इरकल ज्या इलकलवरून आलं, तेही याच बागलकोट जिल्ह्यात. काकू दुकानात शिरल्या आणि काकांनी बाहेर शांतपणे पेपर उघडला. चाळीस वर्षांचा अनुभव! मावशीनं एकच खण घेतला. हिरवा, लाल काठाचा.

तो कशासाठी, ते दुपारी कळलं. गावापासून पाचेक किलोमीटरवर बनशंकरीचं देऊळ आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची ही कुलदेवता. मावशीच्या सासरचीही. लग्नानंतर एकदा जाऊन आले होते, मग 'रिटायर झाल्यावर निवांत जाऊ' वर विषय थांबला होता. दोन रिक्षा केल्या आणि निघालो. (गाडी काढायची नाही, नियम म्हणजे नियम.)

देवळासमोर मोठा चौकोनी तलाव आहे, हरिद्रातीर्थ, कडेनं दगडी खांबांच्या ओवऱ्या. ओटीचं ताट घेतलं, नारळ घेतला, तांदूळ घेतले. आणि रांगेत मावशीनं ते ताट आईच्या हातात दिलं. "तू भर माझ्या वतीनं," एवढंच म्हणाली. कारण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. नवरा गेलेल्या बाईनं ओटी भरायची नाही, हळदीकुंकवाला जायचं नाही, हे कुणी बोलून दाखवत नाही आणि कुणी विसरतही नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, मग राज्य सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. पण मनातला ठराव कोण करणार?

आईनं ताट घेतलं नाही. म्हणाली, "कुलदेवता तुझी, खण तू घेतलास, इथवर गाडी तू चालवलीस. आता मधेच मी कुठून आले?"

काकूंनी मावशीच्या पदराचं टोक नीट केलं आणि तिला हलकेच पुढे ढकललं. बस. एवढंच झालं. पुजाऱ्यानं ताट घेतलं, खण देवीच्या पायाशी ठेवला, प्रसाद दिला. काही विचारलं नाही. विचारायला त्याला काही कारणही नव्हतं. बाहेर आल्यावर मावशीनं चष्मा पुसला आणि म्हणाली, "मला सॉलिड भूक लागलीय."

आणि भूक लागण्यासारखीच ती जागा! देवळाच्या आवारात गावातल्या बायका टोपल्या घेऊन बसतात. ज्वारीच्या पातळ भाकऱ्या, भाजी, शेंगदाण्याची चटणी, दही. झाडाखाली बसायचं, त्या वाढतात, आपण खायचं. काकूंनी दोन घास खाल्ले, भाकरी उजेडात धरून तिची जाडी तपासली आणि वाढणाऱ्या आजींशी हातवाऱ्यांनी चर्चा सुरू केली. एकीला मराठी येत नाही, दुसरीला कन्नड. वीस मिनिटं गप्पा चालल्या. कुठल्या भाषेत, विचारू नका.

तळ्याकाठची बॅलन्सशीट

दुपारी सगळे झोपले. हो, झोपले! फिरायला जाऊन दुपारी झोपणं हा आपल्याकडे जवळजवळ गुन्हा आहे. या मंडळींनी तो उघडपणे केला आणि मला दोन तास वायफाय शांतपणे मिळालं.

साडेचारला अगस्त्यतीर्थाच्या काठानं चालत भूतनाथाच्या देवळाकडे. तळ्याच्या पायऱ्यांवर बायका कपडे धुत होत्या आणि धोपटण्याचा आवाज कड्यावर आपटून परत येत होता. वाटेत काकांनी अगस्तींची गोष्ट सांगितली. बोकडाचं रूप घेऊन ऋषींच्या पोटात जाणारा आणि मग पोट फाडून बाहेर येणारा वातापी राक्षस, आणि त्याला सरळ पचवून टाकणारे अगस्ती. "गॅसवरचं पहिलं औषध!" काकांची कॉमेंट. काकूंनी डोळे वटारले, म्हणजे हा जोक आधीही झालेला असणार.

भूतनाथाचं देऊळ तळ्याच्या पूर्वेला, अगदी पाण्याला टेकून आहे. त्याच्या पायऱ्यांवर बसलो. उन्हं उतरली तसा मागचा कडा आधी केशरी, मग विटकरी होत गेला. ६४२ मध्ये पल्लवांच्या नरसिंहवर्म्यानं ही राजधानी लुटली. आपल्या नावापुढे त्यानं 'वातापी जिंकणारा' अशी पदवी लावली. आता तिथं एक पोरगा पाण्यात खडे मारत होता. दिवसभरात आम्ही तीन ठिकाणं बघितली. तीनच. पण त्या प्रत्येकाबद्दल माझ्यासोबतचा प्रत्येक माणूस आजही दहा मिनिटं बोलेल.

उद्याचा प्लॅन निघाला. पट्टदकल, १९८७ पासून जागतिक वारसा. मग ऐहोळे, तिथला ६३४ सालचा रविकीर्तीचा शिलालेख, ज्यात दुसरा पुलकेशी नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाल्याचा उल्लेख आहे. बाबांना तो बघायचाच होता. "म्हणजे आपण तेव्हापासून बदामीच्या ब्रँचखाली!"

तेवढ्यात मावशीनं पर्समधून छोटी डायरी काढली. मी खर्चाची समजले. ती माझ्याकडे दिली, "तारीख घाल गं, मला चष्म्याशिवाय दिसत नाही." आत बँकेच्या पासबुकासारखे रकाने होते. वर मिस्टरांचं नाव. पहिली ओळ : आरंभीची शिल्लक २४०. त्याखाली, अलिबाग, दोन दिवस. शिल्लक २३८. मग सोलापूर, एक. विजयपूर, एक. शिल्लक २३६.

"पैसे मला मिळाले," मावशी म्हणाली, "पण रजा त्यांची होती. ती वापरायला नको?"

मी तारीख घातली. बदामी, एक. शिल्लक २३५.

कुणी काही बोललं नाही. बाबा तळ्याकडे बघत होते. त्यांच्या २४० चा सोफा झालाय, हे त्यांना त्या क्षणी आठवलं असेल का? मी विचारलं नाही. पण रात्री जेवताना त्यांनी आईला विचारलं, "केरळला डिसेंबरात पाऊस असतो का गं?"

तुमच्याही घरी अशी गँग असेल तर...

...त्यांना पॅकेज टूरचं ब्रोशर गिफ्ट देऊ नका, तुमची चार दिवसांची रजा द्या. बरोबर जा. प्लॅन त्यांना करू दे, आपण औषधांचा डबा सांभाळायचा. दिवसाला एकच गाव, आणि दर तिसऱ्या दिवशी शटडाऊन. बदामीला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, उन्हाळ्यात तो दगड तव्यासारखा तापतो. तिथलं पुरातत्त्व खात्याचं म्युझियम शुक्रवारी बंद असतं. पौषात बनशंकरीची मोठी जत्रा भरते. गर्दी आवडत असेल तर तेव्हा जा, निवांतपणा हवा असेल तर ते दिवस टाळा. माकडांसमोर पिशवी उघडू नका. आणि कुणाला पायऱ्या चढवत नसतील तर 'आम्ही पटकन वर जाऊन येतो' म्हणून घाई करू नका. खाली बसलेल्या माणसाला कदाचित तुमच्यापेक्षा जास्त दिसत असेल.

आणखी एक माहिती, जी मला त्या संध्याकाळी मिळाली. २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे पंचावन्न वर्षांनंतर लायसन्स काढलं की ते पाचच वर्षांसाठी मिळतं, मग पुन्हा रिन्यू करायचं. मावशीनं पर्समधून आपलं लायसन्स काढून दाखवलं. बाबांना आकडे दिसले की राहवत नाही. "२३५ भागिले पाच," ते म्हणाले, "वर्षाला सत्तेचाळीस दिवस होतात."

मावशीनं लायसन्स डायरीत ठेवलं, डायरी पर्समध्ये.

"जमेल," ती म्हणाली.